उलटा धरलेला करार

१९८५च्या जानेवारीतला तिसरा रविवार. नानांचा तो शेवटचा पुरा दिवस होता, पण त्यात तसं काही वेगळं नव्हतं. मी जमिनीवर बसून मेथी निवडत होते आणि नाना खिडकीशी खुर्ची ओढून तो कागद बघत होते. अकराच्या सुमाराला आमच्या त्या एकाच खिडकीत ऊन पुरतं येतं. तेवढा एक तास ते कागदाला देत. गेली तीन वर्षं, दर रविवारी.

कागद त्यांनी नेहमीसारखा उलटा धरला होता, अक्षरं खाली डोकं वर पाय.

नाना म्हणजे माझे वडील, कोंडाजी गांगुर्डे. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. स्टॅम्प, कोर्ट फीचे कागद, पासपोर्टची पानं, असं छापून आलेलं त्यांच्या टेबलावर येई आणि ते त्यातलं सदोष बाजूला काढत. नोकरीला लागल्यावर एका म्हाताऱ्या तपासनिसानं त्यांना शिकवलं होतं की छापलेलं वाचायचं नाही, बघायचं. वाचायला लागलं की डोळा अर्थामागं पळतो आणि तुटलेली रेघ सुटते. म्हणून शीट उलटं धरायचं. ही सवय त्यांच्यात इतकी मुरली होती की सकाळचं वर्तमानपत्रसुद्धा ते आधी उलटं धरत, कुठं शाई कमी पडलीय ते मला सांगत, आणि मग सुलटं करून बातम्या वाचत.

"विशाखा, जरा इकडं ये."

"काय नाना?"

"ह्या शिक्क्याची कड बघ. इथं, डाव्या अंगाला. शाई थोडी फुटलीय. की मलाच तसं वाटतं? तुला काही दिसतं का?"

मी हात पदराला पुसून गेले. भिंगाखाली जांभळ्या शिक्क्याची कड होती, आणि तिच्या पलीकडं इंग्रजी ओळी, उलट्या. त्या मला उलट्याही वाचता येत होत्या.

"नाही नाना. काही दिसत नाही."

"तुझे डोळे तरुण आहेत, म्हणून विचारलं," ते म्हणाले, आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

तेवढ्यात शेजारचे यादवकाका आले. प्रेसमध्ये नानांच्या हाताखाली होते, अजून नोकरीत. बरोबर त्यांचा पुतण्या चंदर. चंदर वेल्डर होता आणि मस्कतला निघाला होता. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत करार.

"नाना, नुसती एक नजर टाका," यादवकाका म्हणाले. "पोरगं पुढच्या महिन्यात उडणार. नुसता शिक्का बघा."

नानांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. तापलेलं भांडं पुढं केल्यावर माणूस हात मागं घेतो तसे.

"मी आता कागद बघत नाही, यादव. तुला माहीत आहे."

"एकदा चुकलं म्हणून काय जन्मभर..."

"चहा घ्या," नाना म्हणाले.

ते चहा पिऊन गेले. कपबशा विसळताना एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं: द्या, मी वाचते. मी ते म्हटलं नाही. म्हटलं असतं तर नानांनी विचारलं असतं की वाचून काय कळतं, आणि मग पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

दुपारी नाना झोपले. संध्याकाळी जेल रोडपर्यंत फिरून आले. थंडी अशीच राहिली तर द्राक्षाचे मणी तडकतील, पिंपळगाववाल्यांचं अवघड आहे, असं जेवताना म्हणाले. भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणाले. सोमवारी मी शाळेत गेले. तिसरीची हजेरी घेत होते तेव्हा यादवकाका वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. सायकल त्यांनी आवारातच आडवी टाकली होती आणि डोक्यावरची टोपी हातात घेतली होती. मी हजेरीपट मिटला. बाविसाव्या नंबरापर्यंत हजेरी झाली होती, एवढं मला अजून आठवतं.

*

प्रेसमधून निवृत्त झाल्यावर नानांना वर्षभर करमलं नाही. आई आधीच गेली होती. घरात आम्ही दोघं. प्रेसचा भोंगा झाला की ते उठून उभे राहत आणि मग पुन्हा बसत. त्याच सुमाराला आमच्या वसाहतीतली आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं आखातात जायला लागली होती. गवंडी, सुतार, फिटर, ड्रायव्हर. मुंबईचा कोणी एजंट यायचा, इंग्रजी कागद द्यायचा. कागद खरा की खोटा हे सांगणारं कोणी नव्हतं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की नाना आहेत ना. पासपोर्ट ज्यांच्या हाताखालून जातो, त्यांना कागदाचं काय सांगायचं?

१९७७ साली सिन्नरकडच्या चौघांचे करार नानांनी पाच मिनिटांत परत केले. शिक्का रबराचा नव्हता, ब्रशनं काढलेला होता. चारही शिक्क्यांत एकच अक्षर चार तऱ्हांनी वाकलेलं. एजंट त्याच रात्री पळाला. त्यानंतर आमच्या ओट्यावर रविवारी चपला मावेनात. नाना कागद उजेडाला धरत, अंगठ्यानं शिक्का चाचपत, कडा जुळवून बघत, उलटा करत, आणि म्हणत, "अस्सल आहे." तेवढं ऐकलं की माणूस पाया पडून निघे. पेढ्याच्या पुड्यापलीकडं नानांनी कोणाकडून काही घेतलं नाही.

त्यांना इंग्रजी अक्षरं ओळखीची होती, भाषा नव्हती. कुठल्या अक्षराची शेपटी केवढी असते हे ते झोपेत सांगतील. त्या अक्षरांनी काय म्हटलंय ते त्यांना कळत नसे. आणि ते कळायला हवं असं ना त्यांना वाटलं, ना विचारायला येणाऱ्यांना. सगळ्यांना भीती एकच होती, बनावट कागदाची. अस्सल कागदाची कोणाला भीती वाटली नाही.

मल्हारी आमच्या मागच्या ओळीत राहायचा. भागीमावशीचा एकुलता एक. आयटीआयमधून सुतारकाम शिकलेला. आमच्या घरचं पुस्तकांचं कपाट त्यानंच केलं होतं. सांधा असा की नख जाणार नाही. १९७९च्या फेब्रुवारीत त्याचा करार आला. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत नुकती लागलेली.

त्या रविवारी आमच्याकडं दहा-बारा माणसं होती. भागीमावशी सकाळीच सगळ्यांना साखर वाटून आली होती.

"मल्हाऱ्या, येताना टू-इन-वन टेप आण," यादवकाका म्हणाले. "दोन स्पीकरवाला. एक स्पीकरवाला आणलास तर घरात घेणार नाही."

"आधी इमानात चढू द्या त्याला," भागीमावशी म्हणाली. "एसटीत चढला की वकतो हा. सिन्नरपरेंत दोनदा गाडी थांबवावी लागती."

"आई!"

"खोटं सांगते का? त्या बाईला सांग आधीच, ती हवाईसुंदरी का कोण असती, तिला म्हणावं, माझं पोरगं खिडकीपाशी बशीव."

सगळे हसत होते. नाना मात्र कामात होते. काम करताना ते हसत नसत. त्यांनी तिन्ही पानं उजेडाला धरली, शिक्के बघितले, उलटी करून पुन्हा बघितली. मग माझ्याकडं दिली.

"विशाखा, नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी ताडून बघ."

एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मी ताडलं. पण मला वाचायचा नाद. हातात छापील काही आलं की डोळा शेवटच्या ओळीपर्यंत जातो. पहिल्या पानावर 'सुतार' लिहिलेलं होतं, पगार होता, राहायची सोय होती. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अकरावं कलम होतं. मालक या कामगाराला दुसऱ्या कोणत्याही कामावर, किंवा दुसऱ्या कोणत्याही मालकाकडं पाठवू शकेल, आणि मजुरी त्या कामाच्या दरानं मिळेल. चौदाव्यात होतं की पासपोर्ट मुदत संपेपर्यंत मालकाकडं राहील आणि आधी काम सोडलं तर येण्याजाण्याचं भाडं कामगारानं भरायचं. म्हणजे पहिल्या पानानं जे दिलं होतं ते दुसऱ्या पानानं काढून घेतलं होतं. मला ते वाचताक्षणी कळलं. मी ती दोन कलमं पुन्हा वाचली.

मग मान वर केली. बारा माणसं नानांच्या तोंडाकडं बघत होती. माझ्याकडं कोणीच बघत नव्हतं.

"नाव बरोबर आहे, तारीख बरोबर आहे," मी म्हणाले.

"अस्सल आहे," नाना म्हणाले. मल्हारी वाकून त्यांच्या पाया पडला.

मी का बोलले नाही, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. वेळोवेळी वेगवेगळी कारणं मी स्वतःला दिली. इतक्या माणसांपुढं नानांच्या शब्दावर शब्द कसा ठेवायचा, हे एक. असली कलमं सगळ्याच करारांत असतात आणि ती कोणी वापरत नाही, हे दुसरं. भागीमावशीनं साखर वाटली होती, हे तिसरं. पण खरं कारण याहून लहान होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. घरात एक इंग्रजी शिकलेली मुलगी बसली होती आणि दोन वर्षांत इतके कागद आले, तरी कोणाला तिला विचारावंसं वाटलं नाही. नाव बघ, तारीख बघ. मग मी नाव सांगितलं, तारीख सांगितली. परीक्षेत जेवढं विचारलं तेवढंच लिहावं, तसं.

*

मल्हारी डिसेंबर १९८१ मध्ये परत आला. स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षानं, कारण चालता येत नव्हतं. टू-इन-वन नव्हता, एक गोधडी होती.

पहिला दीड महिना त्याला सुतारकाम मिळालं. मग एका सकाळी ट्रकमध्ये बसवून रस्त्याच्या कामावर नेलं, दुसऱ्याच कंपनीच्या. सिमेंटची पोती उतरवायची. पगार निम्म्याहून खाली. तो म्हणाला, मी सुतार आहे. मुकादमानं एक कागद नाचवला आणि म्हणाला, ही तुझी सही. पासपोर्ट मागितला तर मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी पोत्यांची थप्पी अंगावर आली, पाय मोडला आणि तो तसाच वाकडा सांधला. मुदत भरल्यावरच त्यांनी तिकीट दिलं.

हे सगळं तो आमच्या ओट्यावर बसून सांगत होता. अर्धी वसाहत ऐकत होती.

"सही माझीच व्हती, नाना. पण त्यो कागद माझा नव्हता. माझ्या कागदावर सुतार लिव्हलं व्हतं. एजंटानं मला बनावट दिला आन अस्सल तिकडं पाठवला."

"म्हणजे आपल्याला दाखवला तो खोटा?" यादवकाका म्हणाले.

"नायतर काय!"

भागीमावशी मल्हारीच्या शेजारी बसली होती. ती उठून नानांच्या समोर आली.

"नाना, सगळ्या दुनियेचे कागद बघितले तुमी. माझ्या पोराच्या टायमाला तुमचा डोळा कुठं गेला व्हता?"

मी दारात उभी होते. मला माहीत होतं की कागद दोन नव्हते. मुकादमाकडं होती ती याचीच दुसरी प्रत होती. तो त्याचं दुसरं पान दाखवत होता. नानांचा डोळा कुठंही गेला नव्हता. हे त्या ओट्यावर एका माणसाला माहीत होतं, आणि ती मी होते.

"कागद आहे का तुझ्याकडं?" नानांनी विचारलं. "मला दे. मी बघतो."

त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्या कोणाचा कागद हातात घेतला नाही. हा एकच घेतला. दर रविवारी, अकरा ते बारा. शिक्क्याचा व्यास मोजला. ओळींमधलं अंतर मोजलं. कुठल्या अक्षराचा छपाईचा खिळा झिजला होता ते एका वहीत टिपलं. जो बनावट नव्हता, त्या कागदात ते बनावटपणाची खूण शोधत होते. खूण सापडत नव्हती, आणि ती सापडत नाही याचा त्यांनी लावलेला अर्थ एकच: आपली नजर गेली. बत्तीस वर्षांत आणखी काय काय सुटलं असेल, असं एकदा जेवताना म्हणाले. मग ताट सारून उठले.

मी सांगणार होते. हे कोणाला पटणार नाही, पण मी खरंच सांगणार होते. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर एक चूक सांगितल्यासारखं झालं असतं. वर्षानंतर सांगायचं म्हणजे ते वर्षसुद्धा सांगावं लागणार होतं, त्यातल्या बावन्न रविवारांसकट. दुसऱ्या वर्षी ते ओझं दुप्पट झालं. एक वाक्य होतं: नाना, कागद खरा होता, मी वाचला होता. या वाक्यानं त्यांचे डोळे त्यांना परत मिळाले असते. त्यांची मुलगी मात्र त्यांच्याजवळ राहिली असती की नाही, ते मला माहीत नव्हतं.

मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत राहिले. त्यांत माणसं कबुल्या देतात, शेवटच्या प्रकरणात. मी ती प्रकरणं फार बारकाईनं वाचत असे.

*

वालदेवी नदीच्या काठी नानांचं सगळं झालं. यादवकाकांच्या घरचं जेवण तीन दिवस आलं, मग मी नको म्हटलं.

मी एकटी राहू शकेन असं मला वाटत होतं. इतकी वर्षं आम्ही दोघं तरी कुठं फारसं बोलत होतो? पण न बोलणारं माणूस घरात असणं वेगळं आणि नसणं वेगळं, हे मला चौथ्या दिवशी कळलं. वर्तमानपत्र आलं, आणि त्याच्या घड्या कोणी सारख्या केल्या नाहीत. कुठं शाई कमी पडलीय ते कोणी सांगितलं नाही. मी ते उलटं धरून बघितलं. मला ओळीच दिसत होत्या, शाई दिसत नव्हती. शेजारणी येत, बसत, उठताना 'येते हं' म्हणत. त्या गेल्या की मी दार लावायचं का उघडं ठेवायचं हे ठरवत उभी राही. संध्याकाळी प्रेसचा भोंगा होई आणि घरात कोणी उठून उभं राहत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी मी नानांच्या टेबलावरचा करार घेतला आणि सुलटा करून वाचला. सहा वर्षांत माझी आठवण चुकली असेल, अशी एक आशा होती. अकरावं कलम दुसऱ्या पानाच्या मध्यावर होतं. शब्दन् शब्द तसंच.

दुसऱ्या दिवशी मल्हारी आला. आता तो पिंपळगावला एका द्राक्षवाल्याकडं पेट्या ठोकतो. बसून करायचं काम. हंगाम चालू असताना खाडा करून आला होता. काठी भिंतीला लावून तो नानांच्या खुर्चीत न बसता खाली बसला.

"ताई, नाना दर महिन्याला माझ्याकडं यायचे. तुमाला माहीत हाय?"

मला माहीत नव्हतं. मला वाटे, महिन्यातून एकदा ते पेन्शनीच्या कामाला नाशकात जातात.

"बसायचे, आन विचारायचे, तिकडल्या हापिसात शिक्का कसा मारत्यात. उभ्यानं का बसून. शाई कोणती. मी म्हनायचो, नाना, जाऊ द्या ना आता. तर म्हनायचे, कुठं तरी खूण असणार, मल्हारी. ती मला दिसायला पायजे व्हती."

मी त्याच्यापुढं चहा ठेवला. मग करार आणून दिला.

"तुझा आहे. घेऊन जा."

"ह्याचं काय करू?"

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "साखर कमी झाली का?" तो म्हणाला, "नाय, बराबर हाय." त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली, काठी घेतली आणि ओट्याच्या दोन पायऱ्या एकेक करून, बाजूनं उतरला. सरळ त्याला उतरता येत नाही.

*

सातव्या दिवशी, रविवारी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. ओट्यासमोर मांडव घातला होता. प्रतिमांपुढं मेणबत्त्या, बाजूला नानांचा फोटो. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं, गाथा म्हटल्या. मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्यात ही पद्धत आहे. गेलेल्या माणसाविषयी चारचौघांनी उभं राहून बोलायचं.

प्रेसमधले एक जुने सहकारी बोलले. नानांच्या टेबलावरून सदोष शीट कधी पुढं गेलं नाही, म्हणाले. मग यादवकाका उठले.

"नाना माझे गुरू. आता कोणी म्हणेल, एक कागद चुकला. चुकला. माणूस आहे, वय झालं होतं. पण एका चुकीनं एवढं मोठं माणूस लहान होत नाही."

लोकांनी माना हलवल्या. यादवकाकांना अजून बोलायचं होतं.

"आमचा चंदर चाललाय मस्कतला. नाना असते तर... आता शेवटी नाशकात नेला कागद, शिक्केवाल्याकडं. तो म्हणाला, शिक्का चोख आहे. म्हटलं ठीक. पण नाना ते नाना."

चंदर दुसऱ्या रांगेत बसला होता. सगळ्यांनी वळून बघितलं म्हणून त्यानं खाली मान घातली.

मग मल्हारी उठायला लागला. दोघांनी आधार दिला. शेजारी भागीमावशी, डोक्यावर पदर, तोंडाला पदराचा बोळा.

"मला बोलता येत नाय," मल्हारी म्हणाला. "एवढंच सांगतो, माझ्या मनात काय नाय. डोळा फसतो माणसाचा. मी नानांना माफ केलंय. आईनंबी केलंय. आता त्यांनी सुखानं जावं."

कोणीतरी मागून "साधू, साधू" म्हणालं. बायका रडायला लागल्या. मी रडत नव्हते. मी नानांच्या फोटोकडं बघत होते. तो निवृत्तीच्या दिवशी काढलेला. ते त्यात सरळ कॅमेऱ्याकडं बघताहेत, काहीतरी तपासावं तसे. त्यांना माफी मिळत होती. मांडवभर माणसं मोठ्या मनानं त्यांना माफ करत होती, आणि उद्यापासून वसाहतीत त्यांची हीच आठवण राहणार होती: चांगला माणूस, शेवटी नजर गेली.

"घरच्यांपैकी कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर," बौद्धाचार्य म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं. घरची मी एकटीच होते, आणि मी बोलेन असं कोणाला वाटलं नव्हतं.

मी उठले. बायकांमधून वाट काढत पुढं गेले. यादवकाकांनी मला पाणी हवं असेल असं समजून तांब्या पुढं केला.

"चंदर," मी म्हणाले. आवाज बरा निघाला, वर्गात निघतो तसा. "तुझ्या कागदाचा शिक्का सगळ्यांनी बघितला. आतलं कोणी वाचून दाखवलं का तुला?"

चंदरनं यादवकाकांकडं बघितलं. "नाही ताई."

"काय लिहिलंय, माहीत आहे?"

"वेल्डर लिहिलंय."

"ते पहिल्या पानावर. पुढच्या पानांवर?"

यादवकाका हळूच म्हणाले, "विशाखा, पोरी, बस. दमली असशील."

"नाही काका. मला बोलायचं आहे." मी मल्हारीकडं वळले. तो अजून उभाच होता, काठीवर रेलून. "मल्हारीदादा, तुझा कागद बनावट नव्हता. कागद दोन नव्हते. नानांनी बघितला त्याचीच प्रत मुकादमाकडं होती. शिक्का खरा होता, सही खरी होती. नानांची नजर चुकली नव्हती. त्यांना जे बघता येत होतं ते त्यांनी बरोबर बघितलं. दुसऱ्या पानावर अकरावं कलम होतं, की तुला कोणत्याही कामावर, कोणाकडंही पाठवता येईल. चौदाव्यात पासपोर्टचं आणि भाड्याचं होतं. इंग्रजीत होतं. त्या दिवशी या घरात ते एकाच माणसाला वाचता येत होतं."

भागीमावशीनं तोंडावरचा पदर काढला.

"मी वाचलं होतं, मावशी. दोनदा वाचलं. मला समजलं होतं. नाना म्हणाले नाव बघ, मी नाव सांगितलं आणि कागद परत दिला. मल्हारी परत आला तेव्हाही मी सांगितलं नाही. नाना तीन वर्षं त्या खिडकीत बसून स्वतःची चूक शोधत होते, आणि मी याच घरात भाजी निवडत होते. मागच्या रविवारी त्यांनी मला विचारलं, तुला काही दिसतं का. मी नाही म्हणाले. मला दिसत होतं, नाना. मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं."